बटर फ्रूटची चटणी, जपानी वळणाने

हुबळीच्या बाजारात पावसाळ्याच्या सुमारास हिरव्या, नासपतीच्या आकाराच्या फळांचे ढीग दिसतात. कोणी त्याला बटर फ्रूट म्हणते, कानडीत बेण्णे हण्णू म्हणतात, तर पुस्तकी नाव आहे ॲव्होकॅडो. आपल्या घरांत त्याचा उपयोग बहुधा एकच ठरलेला: साखर आणि दूध घालून घोटायचे व मुलांना द्यायचे. पण ज्या देशातून हे फळ आले, तेथे ते गोड करून नव्हे, तर मीठ-मिरची लावून खातात. त्या चटणीला ग्वाकामोले म्हणतात. आज ती आपल्या शेतातल्या जिनसांनी, थोड्या जपानी पद्धतीने कशी करावी हे पाहू. त्याबरोबरच हे झाड आपल्याकडे लावावे की नाही, याचाही विचार करू.

फळाचा आणि मिरचीचा प्रवास

हे झाड मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेचे. दालचिनी आणि तमालपत्र ही त्याची भावंडे. मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेत फळाला आहुआकात्ल आणि कालवणाला किंवा चटणीला मोल्ली म्हणत. त्या दोन शब्दांपासून ग्वाकामोले हे नाव झाले. १५२९ साली तेथे गेलेले फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू बेर्नार्दिनो दे साहागुन यांनी तेथील लोकांचे जीवन त्यांच्याच भाषेत लिहून ठेवले. त्या बारा भागांच्या ग्रंथात या झाडाचेही वर्णन आहे. भारतात हे झाड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीलंकेतून आले. आज कोडगू व चिक्कमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत ते चांगले रुळले आहे.

फळ परके आहे म्हणून बिचकण्याचे कारण नाही. आपली मिरचीसुद्धा त्याच भूमीतून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यास उतरले व १५४९ मध्ये जपानला पोहोचले. त्याच शतकात मिरचीनेही त्या समुद्रातून पूर्वेकडे प्रवास केला. आज ब्याडगी मिरची आपल्या भागाची ओळख झाली आहे. २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले.

जपानी चव, आपले जिन्नस

जपानी स्वयंपाकातील काही चवींना आपल्याकडे जवळचे नातेवाईक आहेत.

वासाबी हे नाकात चढणारे हिरवे वाटण. ते मोहरीच्याच कुळातील झाडाच्या खोडापासून करतात. आपली मोहरी थोड्या पाण्यात फेसून दहा मिनिटे ठेवली की तोच झणका येतो. ती तापवू मात्र नये. झणका उडून जातो.

सान्शो हा जीभ किंचित बधिर करणारा मसाला. कोकणी घरांत बांगड्याच्या कालवणात पडणारे तिरफळ हे त्याचे सख्खे भावंड. दोन्हींचे बी टाकून फक्त टरफल वापरतात.

शिचिमी म्हणजे सात चवींची पूड. तिच्यात मिरची, तीळ, संत्र्याची साल, सान्शो वगैरे असते. मिरची आणि तीळ तर आपल्या घरातच आहेत.

सोया सॉस हा सोयाबीन आणि गहू विशिष्ट बुरशीने आंबवून, मिठाच्या पाण्यात कित्येक महिने मुरवून करतात. धारवाड-बेळगाव भागात सोयाबीन भरपूर पिकते. तांबेऱ्याला टिकणारे डीएसबी २१ हे वाण धारवाडच्या कृषी विद्यापीठानेच दिले आहे. पण आपण पोती बाजारात घालतो आणि घरात दाणाही ठेवत नाही. सॉस घरी आंबवण्याच्या फंदात पडू नये, कारण भलतीच बुरशी धरली तर ती विषारी असू शकते. बाटली विकत घ्यावी, पण वर पेरायला सोयाबीन घरचेच भाजावे.

साहित्य (चार माणसांसाठी): पिकलेली मध्यम बटर फ्रूट २, लहान कांदा १, हिरवी मिरची १, आले अर्धा इंच, लिंबू १, मोहरी अर्धा चमचा, सोया सॉस २ लहान चमचे, भाजलेले तीळ १ चमचा, थोडी कोथिंबीर. वर पेरण्यासाठी: भाजलेल्या ब्याडगी मिरच्या २, तिरफळाची टरफले ४-५, वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा छोटा तुकडा, तीळ १ चमचा, खरपूस भाजून भरडलेले सोयाबीन १ चमचा.

कृती: पेरण्याचे जिन्नस, सोयाबीन सोडून, खलात जाडसर कुटावेत. मोहरी फेसून ठेवावी. फळ उभे कापून बी काढावे, गर चमच्याने काढून लगेच लिंबू पिळावे व काट्याने मोडावे. अगदी लगदा करू नये. त्यात बारीक चिरलेला कांदा, मिरची, आले, कोथिंबीर, मोहरी, तीळ आणि सोया सॉस मिसळावा. वेगळे मीठ घालू नये. वर कुटलेला मसाला आणि भरडलेले सोयाबीन पेरावे. ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर ही चटणी फार छान लागते. शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या घरांत तर जरूर करून पाहावी.

वारा लागला की गर काळा पडतो. म्हणून चटणी आयत्या वेळी करावी आणि त्याच दिवशी संपवावी.

आरोग्याच्या दृष्टीने

१०० ग्रॅम गरात सुमारे १६० कॅलरी, १५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ७ ग्रॅम चोथा असतो. हे स्निग्ध पदार्थ बहुतांशी ऑलिव्ह तेलातल्यासारखे, म्हणजे हृदयाला मानवणारे. तरीही ते स्निग्धच. तेव्हा तूप-लोणी कमी करून हे खावे, त्याच्या जोडीला नव्हे. यात पोटॅशियम भरपूर असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच खावे. रक्तदाब असणाऱ्यांनी सोया सॉस जपून वापरावा. त्याच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅमची आहे.

शेळ्या, गाई, कोंबड्या सांभाळा

हे विशेष लक्षात ठेवावे. बटर फ्रूटची पाने, साल आणि बी यांत पर्सिन नावाचे द्रव्य असते. माणसाला गराने अपाय होत नाही, पण जनावराने पाला खाल्ला तर कास सुजते, दूध आटते, हृदयावर परिणाम होऊन जनावर दगावूही शकते. कोंबड्या आणि ससे यांनाही धोका आहे. म्हणून साली आणि बिया उकिरड्यावर उघड्या न टाकता पुराव्यात, आणि झाड गोठ्याजवळ लावू नये.

झाड लावावे का?

भाव ऐकून एकर-दोन एकर लावण्याची घाई करू नये. या झाडाला साचलेले पाणी मुळीच चालत नाही. मुळे कुजतात आणि झाड वाळते. नवलगुंद, कुंदगोळकडची काळी जमीन पाणी धरून ठेवते, तेथे धोका जास्त. कलघटगी, अळणावरकडे उताराची तांबडी जमीन असेल तर आशा आहे. तेथेही उंचवट्यावर लावावे, बुंध्याशी खोदू नये, पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे.

बी रुजवून वाढवलेले झाड फळाला अनेक वर्षे घेते आणि फळ आईसारखे निघेलच असे नाही. कलम तीन-चार वर्षांत धरते. कोडगूतील चेट्टळ्ळी येथे सरकारी फळसंशोधन केंद्र आहे. अर्का सुप्रीम हे वाण तेथलेच. फुलांची गंमत अशी की एकच फूल पहिल्यांदा मादी म्हणून उमलते, मिटते आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून उमलते. काही जातींत मादीची वेळ सकाळची, काहींत दुपारची. म्हणून दोन्ही प्रकारचे एकेक झाड जवळ असावे आणि फुलोऱ्यात औषध फवारू नये, म्हणजे मधमाश्या काम करतील.

फळ झाडावर पिकत नाही. उतरवून केळ्यांबरोबर झाकून ठेवले की काही दिवसांत मऊ होते.

तेव्हा आधी दोन झाडे परसात, गोठ्यापासून दूर लावावीत. घरच्यांनी फळ खावे, चव ओळखावी, आपल्या मातीत ते टिकते का ते चार पावसाळे पाहावे. मगच बाजाराचा हिशेब मांडावा.