भिंतीवरचे चित्र आणि पेंटरची रोजी

बाजारपेठेत ज्याची स्वतःची भिंत आहे, त्याला चुन्याचा खर्च चुकत नाही. सणाच्या आधी भिंत पांढरी करावी आणि आठ दिवसांत तिच्यावर क्लासची जाहिरात, निवडणुकीची घोषणा, पोरांची नावे आणि पानाच्या पिचकाऱ्या दिसाव्यात, हा सोलापूरच्या व्यापाऱ्याचा नेहमीचा अनुभव आहे. कायदा नाही असे नाही. महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. पण रात्री दोन वाजता प्रत्येक भिंतीपाशी शिपाई कोण उभा करणार? काही लोक धार्मिक चित्रांच्या फरश्या बसवतात. त्याने थुंकणे कमी होते, पण श्रद्धेची वस्तू गटाराशेजारी लावायची ही रीत मला पटत नाही. कोणाच्याही धर्माची असो, ती बेअदबीच आहे.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने १९८४ साली वेगळा मार्ग धरला. महापौर विल्सन गूड यांनी भिंती खराब करणाऱ्या पोरांसाठी योजना काढली आणि जेन गोल्डन या चित्रकार बाईंनी त्याच पोरांच्या हाती ब्रश देऊन मोठी भित्तिचित्रे काढून घेतली. आज त्या शहरात अशी हजारो चित्रे झाली आहेत. मुंबईत ऑगस्ट २००९ मध्ये महानगरपालिकेने तुळशी पाइप रोडची रेल्वेलगतची लांबलचक भिंत रंगवायला दिली, तेव्हा शेकडो सामान्य माणसे रंगाचे डबे घेऊन आली. २०१७ साली ससून डॉकमध्ये, म्हणजे १८७५ च्या जुन्या मासळी बंदरात, तिथल्याच कोळी लोकांचे चेहरे भिंतींवर आले.

कोरी भिंत कोणाचीच नसते. चित्र काढले की तिला दहा मालक मिळतात, आणि ज्या पोराने स्वतः रंग भरला तो दुसऱ्याला तिथे थुंकू देत नाही. मात्र ठेकेदाराकडून 'स्वच्छ शहर, सुंदर शहर' लिहून घेतले तर हा गुण येत नाही. त्या अक्षरांवरही लोक निर्धास्त थुंकतात, कारण गल्लीतल्या कोणाचाच हात तिला लागलेला नसतो.

सोलापुरात काढण्यासारखे काय नाही? १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे चौघे याच शहराचे. ज्यांना चेहरे काढणे मान्य नाही त्यांना बेलबुट्टी, जाळी आणि आपल्या जेकार्ड चादरीची नक्षी आहे. चादरीचा डिझाइनवाला आलेखाच्या कागदावर एकेक चौकट भरतो; पेंटरही सूत मारून भिंतीवर चौकटी आखतो आणि छोटे चित्र मोठे करतो. हिशेब एकच, फक्त माप बदलते. चादरीचा नमुना भिंतीवर गेला तर परगावच्या गिऱ्हाइकाला आपला मालही दिसेल.

हे काम कोणाला द्यायचे, हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार लिप्यांत दुकानाची पाटी लिहिणारे पेंटर एकेकाळी आपल्या पेठांत होते. फ्लेक्स आला आणि त्यांची रोजी गेली. कोणी रंगकामाच्या मजुरीवर गेले, कोणी रिक्षा घेतली. हा हुन्नर लहान समजू नये. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरला १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत आधी सिनेमाचे फलकच रंगवत होते. गल्लीतल्या मुलांनी रंग भरावेत, पण आखणी आणि अक्षर पेंटरचेच असावे आणि त्याला पूर्ण मजुरी मिळावी. 'समाजाचे काम आहे' म्हणून कारागिराला फुकट राबवायची आपल्याकडे वाईट सवय आहे.

कामापूर्वी मालकाची संमती आणि महानगरपालिकेची लेखी परवानगी घ्यावी, नाहीतर चित्रच कायद्यात अडकेल. काम पावसाळा संपल्यावर काढावे. ओल आणि खार असलेल्या भिंतीवर कितीही महाग रंग टिकत नाही. जुना चुना खरवडावा, प्रायमर मारावा आणि बाहेरच्या भिंतीसाठीचाच इमल्शन रंग घ्यावा. घरातला डिस्टेंपर आपल्या उन्हापावसात लवकर उडतो. मुलांच्या स्केटिंगच्या मैदानावर चित्र काढायचे असेल तर ते कुंपणाच्या भिंतीवर काढावे. चाके फिरतात त्या सिमेंटवर गुळगुळीत रंग दिला तर पोरे घसरून पडतील. आयत, नाव किंवा पक्षाचे चिन्ह कोणत्याच भिंतीवर नको.

खर्च चार-सहा दुकानांनी वाटून घ्यावा. उरलेल्या रंगाचे डबे झाकण घट्ट लावून जवळच्या दुकानात ठेवावेत, म्हणजे कोणी रेघोट्या ओढल्या तरी दुसऱ्या दिवशी शटर उघडण्याआधी त्या बुजवता येतील.