एक बटण, दोन नोंदी

ग्रंथालयाची नोंदवही संगणकावर ठेवण्याचा प्रोग्रॅम लिहावा, 'नोंद करा' हे बटण एकदाच दाबावे, आणि एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी व्हाव्यात, हा प्रकार नवशिक्यांस चांगलाच गोंधळात टाकतो. साऱ्या पुस्तकांची मोजदादच त्यामुळे खोटी ठरते. १९९५ साली नॉर्वेमधून प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'क्यूट' या सांगाड्यात असे का घडते, ते पाहू.

येथे बटण दाबले की ते 'सिग्नल' देते. तो ज्या कृतीशी जोडलेला असेल ती कृती घडते. मात्र एकच जोडणी दोनदा केली तरी क्यूट हरकत घेत नाही. कृतीही दोनदा होते. एकाच निरोपासाठी दोन निरोप्ये धाडावेत, तसे. शिवाय, 'डिझायनर'मध्ये खिडकी आखली असेल आणि कृतीचे नाव 'ऑन', मग बटणाचे नाव, मग 'क्लिक्ड' अशा ठरावीक धाटणीचे असेल, तर 'सेटअपयूआय' ही जोडणी आपोआप करून टाकते. आपण तीच पुन्हा हाताने केली, की दोन झाल्या! ही सोय आम्हांस तितकीशी पसंत नाही. न दिसणारी जोडणी शोधावी कोठे?

कृतीच्या आरंभी एक ओळ छापण्याची आज्ञा घालून मोजावे. नेहमी दोनच नोंदी होत असतील, तर नावाची धाटणी तपासावी व हाताची जोडणी काढून टाकावी. पहिल्या वेळी एक, मग दोन, मग तीन अशी वाढ दिसली, तर जोडणीची ओळ वारंवार चालणाऱ्या भागात पडली आहे, असे समजावे; ती खिडकी घडताना एकदाच चालेल अशा जागी हलवावी.