वस्तीने मागून घेतलेला विषय

मार्च १९६८मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांतली हजारो मुलं भर वर्गातून उठून रस्त्यावर आली. बहुतेक मुलं मेक्सिकन वंशाची होती. शाळेत स्पॅनिश बोललं की शिक्षा व्हायची. हुशार मुलांनाही कॉलेजऐवजी हातकामाची वाट दाखवली जायची. चांगल्या इमारती आणि आपल्यातले शिक्षक मागतानाच, आमचा इतिहास अभ्यासक्रमात आणा, असंही या मुलांनी ठणकावून सांगितलं. लिंकन हायस्कूलचे शिक्षक सॅल कॅस्ट्रो त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कॅस्ट्रोंसह तेरा जणांवर कटाचे आरोप ठेवले गेले, पण ते कोर्टात टिकले नाहीत. आज अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत शिकवला जाणारा ‘चिकाना आणि चिकानो अभ्यास’ हा विषय अशाच आंदोलनांतून उभा राहिला.

अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांनी आंदोलनाच्या काळात ‘चिकानो’ हे नाव अभिमानाने स्वीकारलं. स्त्रिया स्वतःला चिकाना म्हणवतात. हे सगळे बाहेरून आलेले, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात १८४६ ते १८४८च्या युद्धात मेक्सिको हरला आणि ग्वादालूपे इदाल्गोच्या तहाने कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा मुलूख अमेरिकेच्या ताब्यात गेला. तिथली माणसं जागची हललीही नव्हती. आम्ही सरहद्द ओलांडली नाही, सरहद्दीनेच आम्हाला ओलांडलं, असं चिकानो म्हणतात ते यामुळेच. पुढे अनेकांच्या जमिनी गेल्या, मळ्यांतली आणि रेल्वेवरची मजुरी वाट्याला आली. १९३०च्या दशकातल्या मंदीत लाखो लोकांना मेक्सिकोत पाठवण्यात आलं. त्यांत अमेरिकेत जन्मलेले नागरिकही मोठ्या संख्येने होते. शाळेच्या पुस्तकांत यातलं क्वचितच काही सापडे.

एप्रिल १९६९मध्ये विद्यार्थी, प्राध्यापक आणि कार्यकर्ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या आवारात जमले. त्यांनी ‘प्लान दे सांता बार्बरा’ हा आराखडा केला. काय शिकवायचं, विभाग कसा चालवायचा, वस्तीतल्या मुलांना प्रवेश मिळवून देऊन टिकवायचं कसं, असा सगळा तपशील त्यात होता. विद्यापीठ वस्तीच्या उपयोगी पडलं पाहिजे, हा त्याचा गाभा. त्याच वर्षी सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या सरकारी कॉलेजात, म्हणजे आजच्या कॅल स्टेट नॉर्थरिजमध्ये, इतिहासकार रोदोल्फो आकुन्या यांनी स्वतंत्र विभाग सुरू केला. आज तो या विषयातला देशातला सर्वांत मोठा विभाग मानला जातो. आकुन्यांचं ‘ऑक्युपाइड अमेरिका’ १९७२मध्ये आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या हाती राहिलं.

ज्यांची नोंद सरकारी दप्तरांनी नीट ठेवली नाही, त्यांचा इतिहास लिहायचा कशावरून? टेक्सासचे लोकसाहित्य अभ्यासक अमेरिको पारेदेस यांनी त्याचा एक मार्ग १९५८मध्येच दाखवला होता. १९०१मध्ये एका शेरीफला गोळी घालून निसटलेल्या ग्रेगोरिओ कोर्तेझवर सरहद्दीवर कोरिदो रचले गेले. कोरिदो म्हणजे आपल्या पोवाड्याच्या जातकुळीतलं कथागीत. अधिकाऱ्यांच्या लेखी कोर्तेझ गुन्हेगार होता. गाण्यात तो हक्कासाठी लढणारा माणूस होता. पारेदेसांनी कोरिदोची रूपं गोळा केली, कागदपत्रांशी ताडून पाहिली आणि गाण्याला पुराव्याच्या रांगेत बसवलं. आज चिकाना-चिकानो अभ्यासाच्या वर्गांत आजी-आजोबांच्या मुलाखतीही त्याच गांभीर्याने ध्वनिमुद्रित होतात आणि तपासल्या जातात.

नॉर्थरिजमध्येच शिकलेल्या जुडिथ बाका यांनी इतिहास भिंतीवर आणला. भित्तिचित्राची ही परंपरा मेक्सिकोची. सॅन फर्नांडो खोऱ्यात पुराचं पाणी वाहून नेणाऱ्या तुहुंगा वॉशच्या काँक्रीटच्या भिंतीवर बाकांनी १९७६मध्ये काम सुरू केलं. चारशेहून अधिक तरुण मुलामुलींनी अनेक उन्हाळे खपून १९८३पर्यंत सुमारे ८४० मीटर लांब ‘ग्रेट वॉल’ रंगवली. पोलिसांच्या नोंदीत नावं गेलेली मुलंही त्यांत होती. एका चित्रात महामार्गाचे विळखे एका कुटुंबातल्या माणसांना एकमेकांपासून तोडताहेत आणि वर आकाशातून एक स्टेडियम यानासारखं उतरतंय. चावेझ रवीन ही मेक्सिकन वस्ती उठवली गेली आणि पुढे त्या जागी डॉजर स्टेडियम उभं राहिलं, त्याची ही आठवण. विद्यार्थी या भिंतीसमोर उभे राहून शहर-नियोजन शिकू शकतात.

या चळवळीला घरातूनही प्रश्न विचारले गेले. १९७१मध्ये लाँग बीचच्या कॉलेजात आना निएतो-गोमेझ आणि त्यांच्या मैत्रिणींनी स्वतःचं वृत्तपत्र काढलं. सभेची तयारी बायकांनी करायची आणि व्यासपीठावर पुरुषांनी बसायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. टेक्सासच्या शेतमजुरीतून वर आलेल्या ग्लोरिया आन्साल्दुआ यांनी १९८७च्या ‘बॉर्डरलँड्स’मध्ये इंग्रजी आणि स्पॅनिश एकत्र वापरत सरहद्द, स्त्रीत्व आणि समलिंगी असणं एकाच पुस्तकात आणलं. विभागांच्या पाट्यांवर ‘चिकाना’ ही अक्षरं या भांडणामुळे आली, आणि त्या भांडणाने विषय अधिक खरा झाला.

बाहेरचा विरोधही थांबला नाही. १९९३मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये स्वतंत्र विभागाची मागणी नाकारली गेली, तेव्हा विद्यार्थी उपोषणाला बसले. चौदा दिवसांनी स्वतंत्र अभ्यासकेंद्र मिळालं. विभागाचा दर्जा मिळायला २००५ उजाडलं. अॅरिझोनाने २०१०मध्ये कायदा करून टूसॉनच्या शाळांतला हा अभ्यासक्रम बंद पाडला. वर्गातून काढलेल्या पुस्तकांत ‘ऑक्युपाइड अमेरिका’ही होतं. या कारवाईमागे वांशिक आकस होता, असा निकाल संघराज्य न्यायालयाने २०१७मध्ये दिला.

२०२०च्या कायद्याने कॅल स्टेट या कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाच्या पदवी विद्यार्थ्यांना वांशिक अभ्यासाचा किमान एक विषय घेणं सक्तीचं झालं. चिकाना-चिकानो अभ्यास त्यातच येतो. कॅलिफोर्नियातली दर दहांपैकी जवळपास चार माणसं लॅटिनो आहेत. त्यांतले बहुसंख्य मेक्सिकन वंशाचे. जे विद्यापीठ या लोकांच्या करांवर चालतं, त्याने त्यांचा इतिहास शिकवणं ही मेहेरबानी नव्हे, कर्तव्य आहे. सक्तीमुळे वर्ग भरतील, पण १९६९च्या आराखड्याची अट त्याहून कठीण आहे. वस्तीतलं मूल वर्गापर्यंत पोचतं का, आणि शिकलेलं ज्ञान वस्तीच्या कामी येतं का, यावरच प्रत्येक विभागाला दरवर्षी स्वतःचा हिशेब मांडावा लागेल.