नळीवाटे रक्तात

आयसीयूतल्या रुग्णाच्या मानेतल्या, छातीतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत जी नळी घालतात, ती सेंट्रल लाइन. जीव वाचवणारी औषधं तिच्यातूनच जातात. पण त्वचेवरच्या जिवाणूंनाही तीच रक्तात शिरायला वाट देते. हे जिवाणू नळीला चिकट थर करून बसतात. त्या थरात अँटिबायोटिक नीट पोचत नाही, म्हणून अनेकदा नळीच काढावी लागते.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तेव्हा असलेले डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी यावर पाच कामांची यादी केली : हात धुणं; टोपी, मास्क, गाऊन, निर्जंतुक हातमोजे आणि रुग्णावर मोठी निर्जंतुक चादर; त्वचेला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक; शक्यतो जांघेची शीर टाळणं; गरज संपली की नळी काढणं. यात नवं औषध नाही, महागडं यंत्र नाही. खरं धाडस होतं ते वेगळंच : डॉक्टरांनी एखादी पायरी गाळली, तर त्यांना थांबवण्याचा अधिकार नर्सला दिला गेला. आपल्याकडच्या कित्येक वॉर्डांत हे अजूनही अवघड वाटेल.

मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंमध्ये ही पद्धत राबवली गेली. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी दर १,००० नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस) नळीतून होणाऱ्या रक्तसंसर्गांचा मध्यक २.७ होता, तीन महिन्यांत तो शून्यावर आला.

तुमचं माणूस आयसीयूत असेल, तर डॉक्टरांना रोज एकदा जरूर विचारा : ही नळी आजही लागणार आहे का?