देहदंड व प्रांतभेद : पैनगंगेच्या दोन तीरांचा विचार

जुन्या कागदांत ‘गर्दन मारणें’, ‘हत्तीच्या पायीं देणें’, ‘कडेलोट करणें’ असे शब्द आढळले, कीं वाचकाचें लक्ष प्रथम शिक्षेच्या क्रौर्याकडे जातें. परंतु ती शिक्षा देण्याचा अधिकार कोणाचा होता, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा आहे. एकाच अपराधास एका मुलखांत प्राणदंड व शेजारच्या मुलखांत निराळी शिक्षा, असा जो भेद दिसतो, त्याचें मूळ बहुधा लोकस्वभावांत नसून अधिकाराच्या वाटणींत असतें.

पेशवाईंतील व्यवस्थेचें वर्णन एल्फिन्स्टन यानें आपल्या १८१९ सालच्या अहवालांत केलें आहे. मोठे जहागीरदार आपल्या जहागिरींत, सरसुभेदार आपल्या सुभ्यांत व सरदार आपल्या छावणींत प्राणदंड देऊं शकत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं तर रामोशी, भिल्ल अथवा मांग जातीच्या दरोडेखोरास मामलेदारहि वर विचारल्यावांचून फांशीं देऊं शके. इतरांच्या बाबतींत ही मोकळीक नव्हती. ब्राह्मण व स्त्रिया यांस सामान्यतः देहदंड नसे. सदाशिवरावभाऊंचा तोतया (१७७६) व घाशीराम कोतवाल (१७९१) हे त्यांतील ठळक अपवाद होत. म्हणजे मनुष्याचा जीव त्याच्या अपराधाइतकाच त्याच्या जातीवर व तो कोणाच्या हद्दींत सांपडला यावर अवलंबून असे.

हिंगोलीचा मुलूख निजामाच्या राज्यांतला. तेथील जुन्या फौजदारी न्यायास इस्लामी धर्मशास्त्राचा आधार होता. त्या शास्त्राप्रमाणें खून झाल्यास मृताच्या वारसांस ‘किसास’, म्हणजे जिवास जीव, मागतां येई. किंवा ‘दिया’, म्हणजे रक्ताचें मोल, घेऊन अपराध्यास सोडतांहि येई. पुढें ठगांच्या बंदोबस्तांत हिंगोलीचें नांव येतें. १८३६ च्या तिसाव्या कायद्यानें ठगांच्या टोळींत सामील असणें एवढ्याच अपराधास जन्मठेप ठरविली, व तो अपराध कंपनीच्या हद्दीबाहेर घडला असला तरी खटला चालविण्याची मुभा दिली. हद्दीचा आडोसा येथें प्रथम मोडला.

तथापि १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला, आणि पैनगंगा ही दोन न्यायपद्धतींची सीमा झाली. उत्तरेस वाशीमकडे इंग्रज अधिकारी व त्यांचा दंडविधान. दक्षिणेस हिंगोलीकडे निजामाचीं न्यायालयें. तेथें फांशीच्या हुकुमास खुद्द निजामाची मंजुरी लागे. नदीचें पात्र ओलांडलें कीं जीव राखणारा व घेणारा हात बदलत असे. ही स्थिति संस्थान विलीन होऊन १९५१ सालीं भारतीय दंडविधान तेथें लागू होईपर्यंत टिकली.

असा भेद केवळ संस्थानी राजवटींचाच असतो असें नाहीं. अमेरिकेंत मिशिगन राज्यानें १८४६ सालींच खुनाबद्दलचा देहदंड रद्द केला. उलट १९७६ नंतर त्या देशांत अमलांत आलेल्या देहदंडांपैकीं तिसऱ्या हिश्शाहून अधिक एकट्या टेक्सासमध्यें झाले. देश एक, पण कायदा करण्याचा व खटला भरण्याचा अधिकार वांटलेला. आपल्याकडे १९५१ नंतर कायदा एक झाला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें देहदंड द्यावयाचा तर विशेष कारणें नमूद करण्याचें बंधन घातलें, व १९८० च्या बच्चनसिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तो अत्यंत विरळा प्रसंगींच द्यावा असें ठरविलें. हिंगोलीच्या न्यायालयानें दिलेली फांशी आज मुंबई उच्च न्यायालयानें कायम केल्यावांचून अमलांत येत नाहीं.

संग्राहकांस येथें एक सूचना करावीशी वाटते. पुण्याचें दफ्तर विपुल राहिलें, म्हणून तेथें शिक्षाहि अधिक झाल्या असें अनुमान काढणें योग्य नव्हे. शिक्षेच्या कागदावर हुकूम कोणाचा, मुलूख कोणाचा, अपराधी कोण व वर मंजुरी मागितली कीं नाहीं, या चार गोष्टी आधीं टिपून घ्याव्या. मामलेदारानें परस्पर फांशीं दिलेल्या मनुष्याचा कागद पुष्कळदां झालाच नसेल. आणि ज्याचा कागद नाहीं, त्याचा जीव गणनेंतून सुटतां कामा नये.