काळजी म्हणजे अविश्वास नव्हे



आपल्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती घरांत कुणाला धडधड, घाम, निद्रानाश सुरू झाला की आधी विचारतात, "प्रार्थना कमी पडतेय का?" आणि फिलिप्पैकरांस पत्राचा ४ था अध्याय पुढे करतात. झालं, काळजीत अपराधीपणाची भर! पण पौलाने तिथे वापरलेल्या ग्रीक क्रियापदाचंच नाम, 'मेरिम्ना', २ करिंथ ११:२८ मध्ये तो स्वतःबद्दल वापरतो: सगळ्या मंडळ्यांची रोजची काळजी.

चिंतारोगात शरीराची धोक्याची घंटा विनाकारण वाजत राहते. (आम्हां आयटीवाल्यांना खोटे अलार्म नवे नाहीत!) आम्ही वर्षभर लपवलं. आता समुपदेशन चालू आहे, गोळ्याही. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात; डॉक्टरांना न विचारता सोडायच्या नाहीत. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना आहेच. पाळकसाहेबांना मात्र अजून सांगितलेलं नाही.