कलादालन आणि उपाहारगृह : एक विचार

कलाकृतीचा आस्वाद आणि अन्नाचा आस्वाद या दोहोंना मराठीत एकच शब्द आहे, हा केवळ योगायोग नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रातही रसाची कल्पना स्पष्ट करताना नाना व्यंजनांनी संस्कारित झालेल्या अन्नाचा दृष्टान्त दिलेला आहे. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात कलादालन आणि उपाहारगृह यांना आपण परस्परांपासून दूर ठेवतो. ही दोन स्थाने एकत्र आली असता काय साधते आणि ते टिकण्यास काय लागते, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

या प्रयोगाचे एक आद्य उदाहरण लंडनचे. तेथील साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने, १८६० नंतरच्या दशकात उपाहारकक्ष उभारले. त्यांपैकी एकाची सजावट विल्यम मॉरिस यांच्या मंडळीने केली. येथे भोजनाची खोली हीच कलाकृती झाली. मात्र पदार्थांच्या याद्या पहिल्या व दुसऱ्या वर्गासाठी वेगळ्या होत्या. एका छताखाली आलेला समाज ताटापाशी पुन्हा विभागला गेला, हे विसरता येत नाही.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण मुंबईचे आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून काळा घोडा परिसरात जहांगीर कलादालन १९५२ साली सुरू झाले. १९६४ साली त्याच्या लांबट, अरुंद पडवीत उषा खन्ना यांनी ‘समोवार’ हे उपाहारगृह चालू केले. आगगाडीच्या भोजनडब्याची आठवण करून देणाऱ्या त्या जागेत खिमा-पराठा आणि पुदिन्याचा चहा मिळे. दालनात प्रवेशास मूल्य नव्हते आणि चहा घेऊन दीर्घकाळ बसता येई. म्हणून चित्रकार, विद्यार्थी, पत्रकार आणि सहज डोकावलेला नागरिक एकमेकांशेजारी बसत. नुकत्याच पाहिलेल्या चित्राविषयीचे मत तेथे बोलून पाहिले जाई व प्रसंगी बदललेही जाई. चित्र भिंतीवर असते. त्याचा रसिकवर्ग मात्र अशा संभाषणातून घडतो. या अर्थाने ‘समोवार’ हे कलादालनाचे एक कार्यकारी अंग होते असे म्हणावे लागते.

परंतु व्यवहाराच्या दृष्टीने ते परक्या जागेत चालणारे दुकानच राहिले. जागेविषयीच्या दीर्घ वादानंतर मार्च २०१५ अखेर ते बंद झाले. जागेची गरज ही कोणत्याही संस्थेची खरी अडचण असू शकते. तथापि सुमारे पन्नास वर्षांत तेथे जे घडले त्याची नोंद जागेच्या करारात होण्याजोगी नव्हती, आणि म्हणूनच त्याला संरक्षणही नव्हते.

याहून निराळी वाट वर्ध्यात आढळते. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे केंद्र मगनवाडी येथे होते. तेथेच १९३८ साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल आणि गूळ हे संघाच्या कार्याचे तितकेच महत्त्वाचे विषय होते, जितके हातकागद व कुंभारकाम. येथे अन्न हे कलेच्या सोबतीला आलेले नाही. अन्न सिद्ध करण्याचे कौशल्य आणि वस्तू घडविण्याचे कौशल्य एकाच दृष्टीने पाहिले गेले.

याच जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यातले वडनेर नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. अशा गावी आधी कलादालन बांधून मग त्यात चहाची सोय करणे हा क्रम अवास्तव ठरेल. तेथे लोक आधीच चहा व तर्री-पोह्यांच्या निमित्ताने थांबतात व बोलतात. त्या भिंतीवर स्थानिक चित्रे व हस्तकलेच्या वस्तू मांडल्या, तर प्रेक्षक शोधावा लागणार नाही. अर्थात कलाकृती ही केवळ गिऱ्हाईक ओढण्याची सजावट होऊ नये. तिचा कर्ता कोण हे तेथे लिहिलेले असावे आणि विक्री झाल्यास मोबदला त्याच्या हाती पडावा.

एवंच, खाद्यपदार्थ कलेचा दर्जा उणावीत नाहीत. परवडणारी किंमत, निवांत बसण्याची मुभा आणि सर्वांना एकच बैठक या तीन अटी जेथे पाळल्या जातात, तेथे रसिक तयार होतात. या अटी चालकाच्या सद्भावनेवर न सोडता संस्थेच्या नियमांतच नोंदविल्या गेल्या पाहिजेत. ‘समोवार’च्या उदाहरणाचा अभ्यासकांनी घ्यावयाचा बोध हाच आहे.